३ टीबीची मुकी डिस्क: आतापर्यंत कुठे पोचलो

डिस्क भावाची. साडेतीन इंची, एन्क्लोजरमधली, म्हणजे बाहेरून जोडायच्या डब्यातली. जोडली तरी कॉम्प्युटरला तिचा पत्ताच नाही. टिकटिक नाही, घरघर नाही, हात ठेवला तर थरथरही नाही. मला अशी मुकी डिस्क आवाज करणारीपेक्षा बरी वाटते. टिकटिक म्हणजे बहुधा डेटा वाचणारे हेड गेले, मग घरी करण्यासारखं काही उरत नाही. मुकी असेल तर मोटर अडकलीय किंवा वीज पोचत नाहीये, आणि वीज आपल्या आवाक्यातली गोष्ट आहे.

एन्क्लोजरमधून काढून थेट पीसीला लावली तर वेगळाच प्रकार. बटण दाबलं की पंखे जेमतेम एक गिरकी घेतात आणि सगळं बंद. डिस्क काढली की पीसी ठणठणीत. म्हणजे पॉवर सप्लायला कुठेतरी शॉर्ट दिसतोय. केबल बदला, पोर्ट बदला, ड्रायव्हर टाका हे सगळं इथेच बाद.

मग मल्टिमीटर घेतला. डिस्कच्या साटा जोडणीच्या १५ पिनांच्या पॉवर कनेक्टरवर १३ ते १५ या १२ व्होल्टच्या, ७ ते ९ या ५ व्होल्टच्या, ४ ते ६ ग्राउंड. ५ व्होल्टची लाइन ठीक निघाली. १२ व्होल्ट आणि ग्राउंडवर टोकं टेकवली तर सरळ बीप. कनेक्टरजवळच्या दोन टीव्हीएस डायोडपैकी एक शॉर्ट. व्होल्टेज फार वाढलं की हे डायोड स्वतः मरून मागच्या चिप वाचवतात.

भावाचं म्हणणं, "मी काहीच केलं नाही रे." थोडं खोदल्यावर कळलं, मूळ अ‍ॅडॉप्टर सापडेना म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला होता. पिन बसली ना! अशा एन्क्लोजरमध्ये अ‍ॅडॉप्टरची वीज सहसा थेट डिस्कच्या १२ व्होल्टच्या लाइनला जाते, ५ व्होल्ट आतला रेग्युलेटर बनवतो. एकच डायोड का गेला, ते इथे जुळलं.

डायोडची दोन्ही टोकं आळीपाळीने तापवून चिमट्याने उचलला. काही जण कटरने तोडतात, पण त्यात पॅड, म्हणजे बोर्डवरची डाग द्यायची जागा, उखडू शकतो. पुन्हा मोजलं, शॉर्ट गेला होता. नसता गेला तर मोटर ड्रायव्हर चिप जळाली असं धरून बोर्ड बदलावा लागला असता. आणि नुसता त्याच मॉडेलचा बोर्ड आणून बहुतेकदा भागत नाही. त्या डिस्कचं स्वतःचं कॅलिब्रेशन बोर्डवरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतं, तीही हलवावी लागते.

पहिली चाचणी जुन्या, गेला तरी हळहळ नाही अशा पॉवर सप्लायवर. मोटर फिरली! पीसीला लावल्यावर बायोसमध्ये नाव आलं, क्षमताही बरोबर. विंडोजने मात्र फॉरमॅट करायचं का, असं विचारलं. अर्थातच नाही.

हे कोडं एन्क्लोजरचं निघालं. डिस्कवरचे भाग नोंदवायची जुनी पद्धत म्हणजे एमबीआर; ५१२ बाइटच्या सेक्टरने (डिस्कवरच्या सगळ्यात लहान कप्प्याने) तो साधारण २.२ टीबीपर्यंतच पोचतो, म्हणून काही एन्क्लोजर सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचं दाखवतात. थेट जोडली की डिस्क ५१२ सांगते आणि पार्टिशन टेबलमधले आकडे भलत्याच जागी बोट दाखवतात. डेटा जागेवरच असतो.

आता १२ व्होल्टच्या लाइनला संरक्षण नाही, म्हणून आधी डेटा उतरवायचा; डिस्कवरच लिहून दुरुस्ती करणाऱ्या विंडोजच्या चेकडिस्कच्या वाटेला गेलो नाही. लिनक्सवरून डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या प्रोग्रॅमने रात्रभर पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, घेतली. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल आवर्जून द्या, मध्येच थांबलं तर तिथूनच पुढे जाता येतं. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, थोडे पेंडिंग (वाचायला अडणारे) सेक्टर होते. डीडीरेस्क्यूने आधी सोपं सगळं वाचून घेतलं आणि अडलेले तुकडे शेवटी खरवडले. बरेच निघाले, काही राहिले. इमेज लूप डिव्हाइसवर (फाइललाच डिस्क म्हणून दाखवायची लिनक्सची सोय) ४०९६ चा सेक्टर सांगून, फक्त वाचण्यापुरती माउंट केली. फोल्डर दिसले, फोटो उघडले.

राहिलेले तुकडे कोणत्या फाइलींचे, ते शोधणं चालू आहे. नवा डायोड मागवलाय. तो बसवून डिस्क चाचण्यांपुरती वापरेन, भावाला परत देणार नाही.