फियाटमध्ये नव्या सीट बसतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

आमची जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ठाण्यात नौपाड्यात कुठेही उभी केली की कोणीतरी काचेतून आत डोकावतं आणि ठरलेला प्रश्न येतो: "सीट कुठल्या गाडीच्या टाकल्यात हो? आमच्याकडेही एक फियाट पडून आहे, तिला बसतील का?" परवा तर तलावपाळीला एक काका भेळ खाता खाता आले आणि क्रेटाच्या सीटबद्दल विचारून गेले. रस्त्यात उभ्याउभ्या पुरं होईल असं हे उत्तर नाही, म्हणून लिहूनच टाकते.

बसतात. पण त्याआधी मी उलट विचारते, कशासाठी बसवताय? "आरामासाठी" असं उत्तर आलं, तर माझा सल्ला एकच: नका बसवू. जुनी सीट टोचते, कारण आतल्या स्प्रिंगा तुटलेल्या असतात आणि काथ्याचा भुगा झालेला असतो. चांगला कुशनवाला गाठा. मूळ सांगाडा तसाच ठेवून नव्या स्प्रिंगा, वर चाळीस डेन्सिटीचा, म्हणजे घट्ट फोम आणि नवं रेक्झिन. कंबर खूश, गाडीचं रूप तेच, आणि पत्र्याला एकही भोक नाही.

माझं कारण मानेचं होतं. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात ती साठच्या दशकात बनवायला घेतली, पद्मिनी हे नाव नंतर पडलं. पुढे एकच सलग बाकडं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्या बाकड्याची पाठ जेमतेम खांद्यांपर्यंत येते, हेडरेस्टचं नाव नाही. कापूरबावडीच्या सिग्नलला मागून एखादा टेम्पो नुसता टेकला, तरी डोकं मागे फेकलं जातं आणि ते अडवायला तिथे काहीच नसतं. आई माझ्या शेजारी बसते, तिला स्पॉन्डिलायसिस आहे. हेडरेस्ट आणि तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्टचा पट्टा, या दोन गोष्टींसाठी मूळ सीट काढायला मी तयार झाले. बाकी कुठल्याही कारणासाठी काढली नसती.

आता खरी गोष्ट. लोक सीटकडे बघतात, बघायचं असतं सीटखालच्या पत्र्याकडे. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सुटा सांगाडा नाही, बॉडी आणि तळ मिळूनच तिचा कणा. आणि ठाण्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी आतून झिरपतं, मॅटखालच्या फेल्टमध्ये मुरतं आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहतं. वरून सगळं कोरडं, चकचकीत. आमच्या मिस्त्रींनी बाकडं काढलं, मॅट गुंडाळली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत गेले. टण, टण, टण, आणि ड्रायव्हरच्या टाचेपाशी एकदम थप्प. टोक जरा दाबलं तर सरळ आरपार, खालची फरशी दिसली. त्या पत्र्यावर मूळ बाकडं इतकी वर्षं निभावलं, पण त्याच पत्र्याच्या जिवावर नवा पट्टा लावणं म्हणजे आत्महत्याच. आधी कुजका पत्रा कापून नवा तुकडा घातला, त्यावर गंज रोखणारा रेड ऑक्साइड, मग सीटचा विषय.

एवढं का, ते जरा हिशोबाने सांगते. सीट आणि तिचे बोल्ट पक्के आहेत का हे तपासताना आंतरराष्ट्रीय नियमांत वीस-जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट झटका धरतात. म्हणजे वीस किलोची सीट त्या क्षणी चारशे किलोच्या जोराने पुढे ओढते. ही झाली नुसती सीट. आजच्या बहुतेक गाड्यांत पट्ट्याचं बक्कल सीटच्याच सांगाड्याला असतं. त्यामुळे टक्कर झाली की माणसाच्या ओढीतला मोठा वाटा सीटमधून बोल्टांवर आणि बोल्टांमधून तुमच्या त्या पत्र्यावर येतो. नुसता वॉशर लावला असेल तर तो पत्र्यातून बटणासारखा उपटून येईल. म्हणून तळाच्या खालून प्रत्येक बोल्टाला तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी आणि डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेले हाय टेन्साइल बोल्ट. इथे काटकसर नको.

वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेटरने मला सोपा मार्ग सुचवला होता. "ताई, सीट ज्यावर सरकते ती रेल डायरेक्ट पत्र्याला वेल्ड मारतो. जन्मात हलणार नाही."

म्हटलं, "दादा, हलायला नको हे खरं, पण निघायला तर हवी ना?"

वेल्डच्या कडेचा पातळ पत्रा जळून कमजोर होतो, तिथूनच पुढे गंजतो, आणि कधी मूळ बाकडं परत लावायचं म्हटलं तर गाडी कापावी लागते. त्याऐवजी बाकड्याच्या मूळ भोकांना जुळणारी एक मधली चौकट बनवून घेतली, सीट तिच्यावर बसते. मूळ भोकं फार आत पडतात तिथे खालून पट्टी देऊन नवी पाडली, तीही मोजकीच. ही चौकट बनवणं दिसतं तितकं सोपं नाही. नव्या सीटचे दोन्ही बाजूंचे पाय बहुधा एका उंचीचे नसतात, कारण त्या गाडीत एक बाजू दाराच्या उंबऱ्याकडे आणि दुसरी मधल्या उंचवट्याकडे टेकलेली असते. फियाटमध्ये तर मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट मधोमध, त्याचा भला मोठा उंचवटा. बाकडं त्याच्यावरून आरामात पलीकडे जायचं. दोन सुट्या सीट त्याच्या अलीकडे-पलीकडेच मावायला हव्यात.

म्हणून क्रेटावाल्या काकांना मी हात जोडले. त्या सीट रुंद, कडेचे उभार दाराला घासणार आणि पाठ मागेपुढे करायची मूठ दारामागच्या खांबाला अडकणार. वॅगन-आरसारख्या उंच गाड्यांच्या सीटही नकोत, त्या खुर्चीसारख्या पाय खाली सोडून बसण्यासाठी केलेल्या. फियाटमध्ये लावल्या की डोकं छताला, मांड्या त्या मोठ्या स्टिअरिंगला आणि समोर रस्त्याऐवजी सन व्हायझर. माझ्या गाडीत जुन्या मारुती झेनच्या सीट आहेत, ती गाडीच मुळात बुटकी. माप घेताना रिकाम्या सीटचं घेऊ नका. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला बसवा, फोम दबू द्या, आणि डोकं व छत यांत एक मूठ मावते का बघा.

सीट शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाल, सगळेच जातात. तिथे सीट उलटी करून बघा. रेलच्या खाचांत वाळलेला गाळ दिसला तर ती पुरात बुडालेल्या गाडीची आहे, विक्रेता काहीही सांगो. आणि पाठीच्या कडेला एअरबॅगचं लेबल किंवा खाली पिवळा कनेक्टर लोंबताना दिसला, तर ती सीट स्वस्तात मिळाली तरी सोडा. आत स्फोटक भरलेलं असतं. "चालू आहे का बघू" म्हणून कोणी मीटर लावायला गेला तर तेवढ्या करंटनेही ते उडू शकतं.

पट्ट्याचं वरचं टोक दारामागच्या खांबाला, खांद्याच्या उंचीला किंवा थोडं वर. खांब आतून पोकळ, त्यामुळे तिथेही आतून जाड पट्टी आणि नट पक्का करून घ्यावा लागतो. काही जण पट्टा मागच्या तळाला बांधून खांद्यावरून पुढे घेतात. तसं केलं की धडकेच्या वेळी तो खांदे खाली दाबतो आणि मार मणक्याला बसतो.

आरटीओचं विचारता, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीवरच्या नोंदी बदलण्यावर आहे. बसण्याची क्षमता तीच ठेवा आणि काम करण्याआधी एकदा कार्यालयात विचारून घ्या. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर मात्र जास्त जपा. २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. तळ कापून ठेवलात तर व्हिंटेज गाड्यांना मिळणाऱ्या त्या 'व्हीए' नंबरचं स्वप्न अवघड. बोल्टाची चौकट संध्याकाळभरात काढता येते. बाकडं भंगारात देऊ नका. आमचं पोटमाळ्यावर आहे, सुती चादरीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर पावसाळ्यात रेक्झिनला बुरशी धरते.

मागच्या सीटला मी हात लावलेला नाही, तुम्हीही लावू नका. पुढच्या नव्या सीटची पाठ जाड, तिनेच मागच्यांच्या गुडघ्यांची जागा खाल्ली आहे. माझा भाऊ सहा फुटी, तो आता मागे बसत नाही. पुढे बसतो आणि आईला मागे पाठवायला बघतो. ते मात्र मी चालू देत नाही.