गुडघा की खांदा?

चित्रदालनात येणाऱ्यांना चित्रं समजावून सांगणं हे माझं काम. पहुडलेल्या नग्न स्त्रीचं अमूर्त चित्र आलं की लोक हमखास शोधाला लागतात. डोकं कुठाय? पाय कोणते? एकदा सापडले की हुश्श करून पुढच्या चित्राकडे. खाली नाव लिहिलेलं नसतं, तर आमच्या दालनातल्या त्या गेरू-गुलाबी चढउतारांना त्यांनी खुशाल टेकड्या म्हटलं असतं.

त्या दिवशी एका गृहस्थांना मधला मोठा फुगवटा गुडघा वाटत होता, त्यांच्या पत्नीला खांदा. दोघंही हटेनात. मी फ्रेंच चित्रकार मातीसकडे वळले. १९३५ मध्ये ‘गुलाबी नग्निका’ रंगवताना तो रंगीत कागदाचे तुकडे कॅनव्हासवर टाचून आकार सरकवून बघायचा. त्या टप्प्यांचे २२ फोटो आहेत. सुरुवातीला खोलीत पहुडलेली बाई दिसते. शेवटी हातपाय पसरून ती अख्खी चौकट व्यापते. अवयव मोजत बसलात तर हे सरकणं निसटतं. त्यापेक्षा भार कुठे पडलाय ते बघा, असं मी म्हटलं.

मागे उभी असलेली एक तरुणी पुढे आली. ती चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून काम करायची. डावीकडच्या करड्या पट्ट्याकडे बोट करून म्हणाली, “भार इथे आहे. डोक्याखाली हात घेऊन पडून राहिलं की मुंग्या येतात. मग तो हात आपला वाटतच नाही.”

सगळे जवळ सरकले. बाकी अंगावर रंगाचे जाड थर, सुरीचे फटकारे. तो पट्टा मात्र इतका पातळ की कापडाची वीण दिसते. धडापासून एका काळ्या रेघेने तोडलेलाही. चित्रकाराच्या मनात हेच होतं, असा दावा मी करणार नाही. पण ‘ज्याला जे दिसेल ते खरं’ हेही मला पटत नाही. तिच्या म्हणण्याला कॅनव्हासवर आधार होता. शिवाय एदुआर माने या चित्रकाराच्या ‘ऑलिम्पिया’ या गाजलेल्या नग्नचित्रापासून आजपर्यंत या चित्रांवर बघणाऱ्यांनी ढीगभर लिहिलंय, पडून राहणारीचं म्हणणं क्वचितच ऐकू येतं.

“ते असू दे,” गृहस्थ म्हणाले, “हा गुडघाच ना?”

“खुबा,” ती म्हणाली. “कुशीवर झोपलं की तोच सगळ्यात वर येतो.”

पत्नीने नवऱ्याकडे बघितलं. दोघंही हरले होते.