नवं पायताण

दिंडीला नवं पायताण घालून जाऊ नये, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी घालून गेलो. करकर वाजत होतं. मिरजकर तिकटीला विठ्ठल मंदिरापाशी दोघांनी वळून बघितलं, तेवढ्यानं छाती फुगली.

आळंदीहून निघालेली माणसं तीन आठवडे चालतात. आमची वाट नंदवाळची, आमच्या प्रतिपंढरपूरची, १०-१२ किलोमीटरची. खंडोबा तालीम, साने गुरुजी वसाहत कधी मागं पडली आठवत नाही. तोंडानं ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’, डोक्यात घराचा हप्ता आणि सोमवारचं ऑडिट. पुढचा एक पठ्ठ्या दर दहा पावलांवर थांबून फोटो काढायचा. त्याच्या पाठीवर दोनदा आदळलो आणि मनातल्या मनात शिवी घातली. आषाढी एकादशीला.

पुईखडीच्या चढाला पाऊस आला. कातडं भिजलं आणि अंगठ्याजवळचा पट्टा चावायला लागला. फोड आला, फुटला. मग हप्ता नाही, ऑडिट नाही. हे पाऊल. आता हे. टाळ वाजला की पाय टेकायचा. पुढच्या आजोबांच्या टाचेच्या भेगांत लाल चिखल बसला होता, तेवढाच दिसत होता. रिंगणात अश्व सुटला, लोकांनी एकच गजर केला. मी कडेला बसून पाय बघत होतो.

वाशीजवळ एक म्हातारी दारात उभी होती.

“नवं पायताण घालून कोण दिंडीला येतंय व्हय रं? बस हितं.”

तिनं माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी मागं ओढला.

“ऱ्हाऊ दे की. वारकऱ्याचा पाय हाय, तुझा न्हाई.”

तांब्यातलं पाणी ओतलं, झोंबलं. जुन्या लुगड्याची चिंधी दातानं फाडली, दोन वेढे दिले, गाठ वरच्या अंगाला मारली. “खाली आली की टोचती.” आतून उकडलेल्या रताळ्यांचा वास येत होता. गाठ मारून झाल्यावर तिनं त्याच पायाला हात लावून कपाळाला लावला. मला कुठं बघावं कळेना. नाव तिनं विचारलं नाही, मीही नाही. एक रताळं तेवढं हातावर ठेवलं, गरम.

पाय निवला. शंभर पावलं गेलो नसेन, ऑडिट परत डोक्यात.

नंदवाळला रांगेत उभा होतो, पायताण पिशवीत. मागच्यानं वाकून बघितलं.

“भारी हाय की. केवढ्याला घेटलं?”

मी किंमत सांगितली. दोनशे वाढवूनच.