आमची वाटचाल : वागळे इस्टेटमधला आमचा प्रेस शॉप

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसचा, म्हणजे यंत्राच्या ठोक्याने पत्र्याचे पार्ट काढायचा गाळा चालवणं काय असतं, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको. दिवाळीचा बोनस वाटून झाला आणि मागच्या रस्त्यावरच्या एका कारखानदाराने आमचे डाय सेटर, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवणारे कारागीर, एकदम उचलले. प्रेस थंड पडले. आमच्याकडे रोज चहाला येणाऱ्याने हे करावं, याचा सल आजही आहे. रबाळ्याच्या पॅनेलवाल्या गिऱ्हाइकाने मात्र ऑर्डर हलवली नाही. स्वतःचा फिटर पाठवून डाय बसवून दिल्या. त्यांचं काम आजही आमच्याकडे सर्वांत आधी लागतं.

गेलेल्यांची तक्रार पगाराची नव्हती. आवाज, कंबर आणि कामाचा सारखा बदलणारा प्लॅन, एवढंच ते म्हणाले. मग जागा सुधारायचं काम राहिलेल्या कारागिरांच्याच हाती दिलं.

नव्या गाळेवाल्यांनो, सूचनापेटी लावू नका. ‘काही त्रास?’ विचारलं की ‘नाही शेठ’ हेच ऐकू येतं. कार्डशीटवर माणसाची पुढून-मागून आकृती काढा, लाल टिकल्या द्या, दुखतं तिथे लावायला सांगा. पाच-सात जण, अर्धा तास, कामाच्या वेळेतच; सुपरवायझर बाहेर. आमच्याकडे टिकल्या कमरेवर दाटल्या, कारण ब्लँकचा (प्रेसखाली घालायच्या कापलेल्या पत्र्याच्या तुकड्यांचा) ट्रे जमिनीवर असायचा. आता अँगलचं स्टँड आहे, पिन बदलून उंची बदलणारं. ट्रे ज्याच्या-त्याच्या कोपराच्या ५ ते १० सेंमी खाली यायला हवा.

आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. ९५ झाला तर चारच तास. सगळे ठोक्याला दोष देत होते, पण हेल्पर म्हणाला, कान फाडते ती तयार पीस डायमधून बाहेर उडवणारी दाबाची हवा. नोझल पीसजवळ आणलं, दाब ६ बारवरून ३ वर आणला. पीस तसाच उडतो. नोझल धरणारा क्लॅम्प मात्र डायच्या बाहेरच बसवायचा. इअरप्लग आणि दोन्ही हातांची बटणं (दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस चालतो, म्हणजे हात डायखाली जात नाही) कुणाच्याही सूचनेवरून काढायची नाहीत.

उद्याचा प्लॅन चार वाजता फळ्यावर लागतो. शिफ्ट संपत आली की डाय बदलायला घेत नाही. अर्धवट आवळलेले क्लॅम्प पुढच्या पाळीच्या माथी येतात.

हे सगळं बंद पडतं ते उत्तर न मिळाल्यामुळे. म्हणून फळ्यावर सूचना, कोण करणार, तारीख. जमणार नसेल तर कारण. छतावर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा) मागितला होता, गाळ्याचा मालक पत्रा कापू देत नाही, तेही लिहिलं. त्यावर ऑपरेटरांनीच सुचवलं: दोन्ही एक्झॉस्ट एकाच भिंतीत आहेत, एक समोरच्या भिंतीत उलटा बसवून हवा आत ओढा. या रविवारी ते काम आहे.