क्रूझ बुक झाली, आता विमानाची तिकिटं कधी काढायची?

क्रूझ बुक करणं फार सोपं असतं. केबिन निवडायची, डिपॉझिट भरायचं, झालं. डोक्याला ताप सुरू होतो तो त्यानंतर. जहाजापर्यंत आपलं आपण पोचायचं असतं आणि जहाज काही कुणासाठी थांबत नाही. विमानाची तिकिटं कधी काढू, असं ज्याला म्हणून विचारलं त्याने एकच सांगितलं, "स्वस्त दिसली की काढून टाका." याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. भाडं कधी उतरेल हे कुणालाच ठाऊक नसतं, पण आपले पैसे कुठल्या तारखेला अडकतात हे मात्र बुकिंगच्या कागदावर स्पष्ट छापलेलं असतं. म्हणून भाडी बघायचं सोडून मी आधी त्या तारखा काढत बसले.

आमची सफर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इटलीतून सुटणारी होती. क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो, ग्रीसची एक-दोन बेटं करून अथेन्सच्या पिरेअस बंदरात संपणारी. जाणारे आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, विमानतळावर त्यांना व्हीलचेअर लागते. हे आताच सांगून ठेवते, कारण दोन विमानांमध्ये किती वेळ हवा हे सगळं त्यावर ठरलं.

क्रूझ कंपन्या सफरी दीड-दोन वर्षं आधीच विक्रीला काढतात. विमान कंपन्यांच्या सीट मात्र साधारण ११ महिने आधी उघडतात. आम्ही डिपॉझिट भरलं तेव्हा आमच्या तारखांची विमानं विक्रीला आलेलीच नव्हती. मग अंदाज घ्यायला मी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला तोच आठवडा टाकून भाडी बघितली. पुढच्या वर्षी तोच आकडा येईल असं नाही, पण प्रवास परवडणारा आहे की नाही एवढं कळतं. हे मी डिपॉझिट भरायच्या आधी केलं आणि दुसऱ्यालाही तेच सांगेन. एखादी क्रूझ एवढी स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा विमानाच्या भाड्यात दडलेलं असतं.

त्यानंतर बंदर. आमच्या सफरीच्या नावात 'व्हेनिस' होतं. नवऱ्याने लगेच व्हेनिसची विमानं शोधायला घेतली. मी बारीक अक्षरातलं वाचलं तर पुढे 'रावेना' लिहिलेलं. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेका कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे व्हेनिसच्या नावावर विकल्या जाणाऱ्या कितीतरी सफरी आता रावेना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. रावेना व्हेनिसपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. त्यापेक्षा बोलोन्याचा विमानतळ जवळ. आणि रावेनाचा क्रूझ धक्काही गावात नाही, बाहेर पोर्तो कोर्सिनीला आहे. असंच 'रोम' म्हणजे चिव्हितावेक्या, 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे. यातली शेवटची दोन तर त्या शहरांपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास लांब. नावावर जाऊन तिकीट काढलं तर वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात.

बरं, बंदर एकदा कळलं म्हणून ते तसंच राहील असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे सुएझमार्गे जाणाऱ्या अनेक क्रूझ रद्द झाल्या किंवा त्यांचे मार्ग बदलले. ज्यांनी परत न मिळणारी तिकिटं सीट उघडल्या उघडल्या घेऊन ठेवली असतील, त्यांची काय पंचाईत झाली असेल! आपला मार्ग एवढा नाजूक नसला तरी वर्षभर आधी पैसे गुंतवून ठेवण्यात ही एक जोखीम असतेच.

आता तारखा. आम्ही घेतलेल्या प्रकारात उरलेली सगळी रक्कम जहाज सुटायच्या ९० दिवस आधी भरायची होती आणि तोपर्यंत रद्द केलं तर डिपॉझिट परत मिळणार होतं. (थोड्या स्वस्त दरात डिपॉझिट परत न मिळणारा प्रकारही होता. तो मी मुद्दाम घेतला नाही.) ९० दिवसांनंतर कापून घेण्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत जातं आणि शेवटी हातात काहीच उरत नाही. ही झाली एक कडा.

दुसरी कडा व्हिसाची. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी अर्ज करता येतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, मॉन्टेनेग्रो नाही. म्हणजे जहाज मॉन्टेनेग्रोत शिरलं की आपण शेंगेनच्या बाहेर, आणि ग्रीसला लागलं की पुन्हा आत. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा इथे चालत नाही, एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागावा लागतो. अर्जासोबत विमानाचं नुसतं रिझर्व्हेशन चालतं. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे भरून तिकीट काढू नका, असं वकिलातीच सुचवतात.

कागदावर या दोन रेघा मारल्या आणि मध्ये एक पट्टा आपोआप दिसला. व्हिसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या तारखेपर्यंतचा. तिकिटं याच पट्ट्यात काढायची, असं मी ठरवून टाकलं. याच्या आधी काढली आणि व्हिसा नाकारला गेला, तर विमानाचे पैसे बुडाले. याच्या नंतर काढायला गेलो आणि भाडी गगनाला भिडलेली असली, तर क्रूझचे पैसे आधीच अडकलेले, म्हणजे मागतील ते द्या. मधल्या काळात मात्र दोन्ही बाजूंनी आपला हात मोकळा असतो. भाडं अगदीच आवाक्याबाहेर गेलं असतं तर क्रूझ रद्द करून डिपॉझिट परत घ्यायची माझी तयारी होती.

नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. सीट उघडल्या त्या आठवड्यापासून तो मागे लागला होता, "अगं, नंतर महाग होतील." मी गुगल फ्लाइट्सवर भाड्याचा अलर्ट लावला आणि त्याचे मेल त्याच्या पत्त्यावर सुरू करून दिले. आकडा वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. रोज रात्री जेवताना त्याचं वाचन व्हायचं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अरे, ते शेअर बाजाराचं नंतर बघ, आधी जेव." पण त्या मेलांचा एक फायदा नक्की झाला. नेहमीचं भाडं साधारण किती असतं याची नजर बसली. अलर्टचा खरा उपयोग तोच. सगळ्यात खालचा आकडा पकडण्याच्या नादी मी लागले नाही.

मधल्या काळात क्रूझ कंपनीकडूनही विमानाचा भाव मागवला होता. बऱ्याच कंपन्या ही सोय देतात, आणि ती सरसकट वाईट म्हणता येणार नाही. विमान उशिरा आलं तर पुढच्या बंदरावर आपल्याला जहाजाला गाठून देण्याची धावपळ तेच करतात. युरोपात विमान आणि क्रूझ एकत्र पॅकेज म्हणून विकलं असेल, तर २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशानुसार सगळा प्रवास नीट पार पाडण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. विमानाच्या उशिराबद्दलच्या युरोपीय नियमात २५० ते ६०० युरो भरपाई आहे, पण हुकलेल्या क्रूझचे पैसे त्यातून निघत नाहीत. मात्र आम्हाला जो मार्ग दिला त्यात दोनदा विमान बदलायचं होतं आणि जहाज सुटायच्या दिवशीच सकाळी पोचायचं होतं. सासूबाईंना घेऊन ते जमणारं नव्हतं.

त्याच दिवशी पोचण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. जहाजाचं चेक-इन सुटण्याच्या साधारण तास-दीड तास आधी बंद होतं. दुपारी चारला सुटणारं जहाज म्हणजे तुमच्यासाठी अडीच-तीनलाच सुटलं. विमानाला उशीर, सामान न येणं, दीड तासाचा रस्ता, हे सगळं एकाच दिवसात कशाला कोंबायचं? एक दिवस आधी पोचायचं, एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च प्रवासाच्या बजेटमध्येच धरायचा. तिकीट कधी काढायचं याचा विचार सुरू करण्याआधी कुठल्या तारखेचं काढायचं हे असं नक्की झालं, की अर्धी भाडी आपोआप यादीतून बाद होतात.

येतानाचं गणित वेगळं होतं. सफर एका देशात सुरू आणि दुसऱ्या देशात संपणार, म्हणून जाताना बोलोन्या आणि येताना अथेन्स. याला दोन एकेरी तिकिटं काढण्याऐवजी 'मल्टी-सिटी'मध्ये शोधलं तर एकाच बुकिंगवर, बऱ्याचदा कमी पैशांत मिळतं. एकाच बुकिंगचा दुसरा फायदा मोठा. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून द्यायचं काम कंपनीचं. तिकिटं वेगवेगळी काढली असली तर दुसरी कंपनी सरळ म्हणते, तुम्ही आलाच नाहीत.

व्हिसा आला त्याच आठवड्यात भाडं माझ्या नजरेतल्या नेहमीच्या आकड्याच्या थोडं खाली होतं. तिकिटं काढली. दुसऱ्याच दिवशी विमान कंपनीला व्हीलचेअरचंही कळवलं. युरोपात किमान ४८ तास आधी कळवायचा नियम आहे, पण तेवढं थांबायचं कशाला?

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या क्रूझना ती हमखास लागू पडते. विमानांची दोन वेळापत्रकं असतात, उन्हाळी आणि हिवाळी. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आमचं जाणं उन्हाळी वेळापत्रकात आणि येणं हिवाळी. हिवाळ्यात पर्यटनाच्या मार्गांवरची विमानं कमी होतात, वेळा सरकतात. त्यामुळे येतानाच्या विमानात बदल होणार हे मी धरूनच चालले होते.

मेल आलाच. विषयाच्या जागी नुसतं 'आपल्या प्रवासात बदल'. उघडलं तर अथेन्सहून सुटणारं विमान उशिरा केलेलं, पुढचं मात्र जागेवरच, आणि मधल्या विमानतळावर दोन तासांच्या जागी पन्नास मिनिटं उरलेली. खाली हिरवं बटण, 'मान्य करा'. त्या बटणाला हात लावला नाही. एकदा मान्य केलं की पुढचं बोलणं अवघड होतं. आधी त्याच कंपनीची त्या दिवशीची दुसरी विमानं बघून नंबर लिहून घेतले, मग फोन लावला. पलीकडच्या मुलीने सुरुवातीला "मॅडम, पन्नास मिनिटं सिस्टीममध्ये पुरेशी दाखवतंय" असं सांगितलं. मी म्हटलं, "बुकिंगमध्ये व्हीलचेअर आहे ना, तेवढं बघून पुन्हा सांगा." दोन मिनिटं गाणं वाजलं आणि मी सांगितलेल्या नंबरच्या विमानात आम्ही तिघं एकही पैसा न भरता बसलो. बदल कंपनीने केला असेल तर दुसरं विमान मागायला संकोच करू नये, फक्त कुठलं हवं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

परतीच्या दिवशी जहाज पहाटेच धक्क्याला लागतं, पण लागलं म्हणजे उतरता आलं असं नाही. आपलं सामान आपणच ओढत नेणारे सातच्या सुमारास बाहेर पडतात. ज्यांनी बॅगा आदल्या रात्री केबिनच्या दाराबाहेर ठेवल्या, ते बॅगेला लावलेल्या चिठ्ठीच्या रंगाप्रमाणे, आपला रंग पुकारला जाईल तेव्हा. पिरेअसहून विमानतळाला मेट्रोने तासभर लागतो, 'एक्स ९६' बसही जाते. सकाळी दहाचं विमान भाड्याच्या यादीत सगळ्यात वर, सगळ्यात स्वस्त दिसत होतं. मी दुपारी दोनच्या आधीची विमानं विचारातच घेतली नव्हती. सासूबाईंनी शेवटचा नाश्ता निवांत बसून केला.

आता अलास्काचं चाललं आहे आणि तिथे हे सगळं उलटं करावं लागणार. अमेरिकेचा व्हिसा लागतो, मुलाखतीची तारीख कधी मिळेल ते आपल्या हातात नाही, म्हणून आधी व्हिसा आणि मगच डिपॉझिट. हंगाम उन्हाळ्याचा आणि शाळांच्या सुट्ट्यांचा, म्हणून सीट उघडल्यावर फार थांबता येणार नाही. त्यात १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला लांबचं परदेशी बंदर न घेता एका अमेरिकी बंदरातून चढवलेला प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवता येत नाही. म्हणजे सिएटलला जहाज चुकलं तर अलास्कातल्या केचिकनला जाऊन चढू आणि परत सिएटलला उतरू, हे सहसा करूच देत नाहीत. एक दिवस आधी पोचायचं ते तिथे दोन दिवस करावं म्हणते. दिलासा एवढाच की अमेरिकेला जाणारं-येणारं तिकीट प्रवासाच्या किमान सात दिवस आधी थेट विमान कंपनीकडून काढलं, तर तिथल्या नियमाप्रमाणे २४ तासांच्या आत फुकट रद्द करता येतं किंवा तेवढा वेळ भाडं धरून ठेवता येतं. व्हँकुव्हरहून निघालं तर कॅनडाचाही व्हिसा आला. नवरा व्हँकुव्हर म्हणतो आहे, मी सिएटल. सीट उघडायला अजून अवकाश आहे, अलर्ट मात्र त्याने आत्तापासूनच लावून ठेवला आहे, गेल्या खेपेसारखाच चालू वर्षीच्या तारखा टाकून.