आमची वाटचाल : दुसऱ्या दिवशीही मऊ

नाशिकला पावाचा तुटवडा कधीच नव्हता. मिसळीचं गाव हे; लादी पाव पहाटेपासून दारोदार पोचलेला असतो. जुन्या भट्ट्यांशी त्या मालात बरोबरी करण्याचा विचार आम्ही केलाच नाही. आमचा माल वेगळा : दूध-लोणी घातलेले, यीस्टवर फुगवलेले छोटे रोल. हॉटेलवाले त्यांना डिनर रोल म्हणतात, सोसायटीतली मुलं बटर बन म्हणतात. मिसळीबरोबर मात्र घेऊ नका, हे आम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. रोल किंचित गोड असतो, तर्रीत पडला की लगदा होतो, आणि मग मिसळीलाही चव राहत नाही.

सुरुवात २०१३ साली इंदिरानगरच्या घरातून झाली, साध्या ओटीजीवर, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनवर. गंगापूर धरणाच्या बाजूला तोवर वाईनरी आणि त्यांची रेस्टॉरंटं चांगली चालायला लागली होती. सूपबरोबर रोल द्यायचा तर काही जण तो मुंबईहून मागवत. तिथल्या एका शेफनी नमुना खाऊन एवढंच म्हटलं, “ताई, आत्ता छान आहे. रात्री नऊला कसा लागतो ते सांगा.” आमच्या धंद्याचं सगळं गणित या एका मागणीवर उभं आहे.

भट्टीतून काढलेला रोल मऊ असतोच, त्यात कोणाची कर्तबगारी नाही. खरा सवाल दुसऱ्या दिवसाचा. बाजारात याला तयार उत्तर आहे : ब्रेड इम्प्रूव्हरची पुडी, म्हणजे पाव मऊ ठेवणारं तयार मिश्रण. कायद्यानं चालते, कामही करते. पण पुडी सगळ्यांनाच मिळते. मग आमच्याकडून कोणी का घ्यावं? आम्ही पाण्याच्या मागे लागलो. रोलमध्ये जितकं पाणी टिकेल तितका तो मऊ राहतो. अडचण अशी की आपल्याकडचा मैदा फार पाणी धरत नाही. नुसतं वाढवलं की पीठ हाताला चिकटतं आणि रोल पसरट होतात.

यावरचा तोडगा जपान-तैवानकडच्या बेकरीवाल्यांचा आहे. थोडा मैदा पाचपट पाण्यात कालवून मंद आचेवर ६५ अंशांपर्यंत शिजवायचा. पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि भाजल्यावरही ते सहजी सोडत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका याला उकडच म्हणतात. मोदकाची उकड जमलेल्या हाताला यात फारसं शिकवावं लागलं नाही. ढवळताना चमच्यामागे भांड्याचा तळ दिसायला लागला की गॅस बंद.

आमचं प्रमाण लपवण्यासारखं नाही. एक किलो मैद्यातला ७० ग्रॅम उकडीला, त्यात ३५० ग्रॅम पाणी. उकड निवल्यावर उरलेला मैदा, ३५० ग्रॅम दूध, ९० ग्रॅम साखर, १८ ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. दूध उकळून निववलेलंच घ्यायचं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं पीठ सैल पाडतात. पीठ जुळून आलं की मग ९० ग्रॅम लोणी, थोडं थोडं करून. लोणी आधीच घातलं तर मैद्याला ताण यायला उशीर लागतो. अंडं नाही. चतुर्थी, एकादशी, जैन गिऱ्हाईक, सगळं सांभाळायचं तर नाशकात बिनअंड्याचाच माल चालतो, आणि या रोलला अंड्याची गरजही पडत नाही.

हे पीठ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या मामांनी कपाळाला हात लावला होता. मामा म्हणजे आयुष्यभर लादी पावाच्या भट्टीवर काम केलेले आमचे कारागीर. “वहिनी, एवढं सैल पीठ पत्र्यावर उभं राहील का?” उभं राहिलं, ते त्यांच्याच हातामुळे. ४५ ग्रॅमचा एकेक उंडा दोन्ही तळव्यांखाली एकाच वेळी, म्हणजे दोन उंडे सोबत, असा फिरवतात की वरची कातडी ताणली जाऊन चकचकीत होते आणि सांधा बरोबर खाली जातो. पत्र्यावर सहा बाय चार मांडायचे, मध्ये बोटभर जागा. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात, म्हणून कडा भाजून कडक होत नाहीत. १८० अंशांवर साधारण सतरा मिनिटं; थर्मामीटरची सुई पोटात खुपसली की ९० अंश दिसले पाहिजेत. बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी.

नाशिकच्या हवेचं काय सांगावं! एप्रिलमध्ये चाळिशी गाठणारं गाव जानेवारीत दहाच्या खाली उतरतं. मळून झालेलं पीठ आम्हाला २६ अंशांवर हवं असतं. त्यासाठी बेकरीतला जुना हिशोब आहे : २६ची तिप्पट ७८, त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणानं पीठ जितकं तापतं तितके अंश, आमच्या यंत्राला १२, वजा करायचे. उरेल त्या तापमानाचं दूध घ्यायचं. जानेवारीच्या सकाळी खोली १४, मैदा १५, म्हणजे दूध ३७ अंश, कोमट. एप्रिलच्या दुपारी खोली ३६, मैदा ३४ धरला तर उत्तर शून्याखाली जातं. मग दुधाचा काही भाग कमी करून बर्फ, आणि मळणी पहाटे. हा हिशोब भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. रोज सकाळी आकडे बदलतात.

नाव झालं ते २०१६ मध्ये. त्या मे महिन्यात दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेट या, पीठ सुधारायला घालत त्या रसायनाबद्दल अहवाल दिला आणि जूनमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ते वापरायला बंदी घातली. लोक पावाकडे संशयानं बघायला लागले. आम्ही ब्रोमेट कधी आणलंच नव्हतं. पिशवीवर सगळे घटक मराठीत, मोठ्या अक्षरात छापले. एवढ्यानं घरगुती गिऱ्हाईक वाढलं. पुढच्या वर्षी मुद्रा योजनेतलं किशोर गटाचं कर्ज काढून सातपूरला गाळा भाड्यानं घेतला, स्पायरल मिक्सर आणि डेक ओव्हन आला. त्याआधी एका बँकेनं “बेकरी म्हणजे केक का?” असं विचारत आमची फाईल बरेच महिने फिरवली, तो विषय नको.

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेलांचा माल एका दिवसात बंद झाला. त्याच वेळी घरोघरी पाव भाजायची टूम निघाली आणि दुकानांत यीस्ट मिळेना. आमच्याकडे अर्ध्या किलोच्या पाकिटांचा साठा होता. ओळखीच्या घरांना थोडं थोडं वाटलं, फोनवरून पीठ कसं तिंबायचं ते सांगितलं. वाटलं होतं, हे सगळे आता घरीच करतील. झालं उलट : एकदा हातानं मळून पाहिलं की आमची किंमत कोणाला जास्त वाटेना.

एक तक्रार अजून येते, “फ्रीजमध्ये ठेवला तर कोरडा का झाला?” फ्रीजच्या थंडीत स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, उकड असो वा नसो. दोन दिवस डब्यात बाहेर ठेवा. पावसाळ्यात दीडच, कारण आम्ही बुरशी रोखणारं काही घालत नाही. त्यापुढे ठेवायचा असेल तर थेट फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर झाकून तव्यावर मंद आचेवर गरम केला की पुन्हा मऊ होतो.

सध्या गव्हाच्या रोलची मागणी आहे. चक्कीच्या आट्यातला कोंडा पिठाची ताण तोडतो आणि पाणीही जास्त पितो. ४० टक्के आट्यापर्यंत रोल मनासारखा होतो, त्यापुढे तो पोळीच्या वाटेला लागतो. म्हणून ‘१०० टक्के गहू’ असं लिहून आम्ही काही विकणार नाही. ४० टक्क्यांचा रोल फक्त शनिवारी असतो, ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. लग्नसराईत सूप काउंटरसाठी हवे असतील तर चार दिवस आधी सांगा. मामांचे हात दोनच आहेत.