चारशेचं मशीन आणि मागची पाटी

खोक्यावर ठळक अक्षरात ४०० छापलं म्हणून वेल्डिंगचं मशीन चारशे अँपिअरचं होत नाही. एवढी साधी गोष्ट एका दुकानदाराकडून वदवून घेण्यात माझा पावसाळा गेला. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

माझं वर्कशॉप संकेश्वरच्या बाजूला. कामं बहुतेक उसाच्या ट्रॉल्यांची, ती कारखाने सुरू व्हायच्या आत हातावेगळी करावी लागतात. पत्र्याला, अँगलला जुनं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पुरतं. पण ट्रॉलीच्या हूकच्या १२ आणि १६ एमएम प्लेटवर आठ नंबरच्या (४ एमएम जाडीच्या) वेल्डिंगच्या कांड्या एकामागून एक लावल्या की मशीन तापून बंद पडतं, पिवळा दिवा लागतो, पंखा घरघरत राहतो आणि आपण हँडशील्ड हातात धरून बसायचं. थ्री फेज कनेक्शन होतंच. मोठं मशीन घ्यायचं ठरवलं.

बेळगावातल्या एका दुकानात गेलो. विचारलं, "साठ टक्क्यांना किती अँपिअर देतंय?"

"मालक, चारशे लिहिलंय की."

"लिहिलंय ते दिसतंय. किती वेळ देतंय?"

"दिवसभर चालवा की. कोण अडवतंय तुम्हाला?"

इथेच गाडी अडली. मशीन एखाद्या करंटला न थांबता किती वेळ चालतं ते टक्क्यांत सांगतात, त्याला ड्युटी सायकल म्हणतात; ती धरतात दहा मिनिटांवर. साठ टक्के म्हणजे त्या करंटला सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. तेही भोवतीचं तापमान चाळीस अंश धरून. मेमध्ये पत्र्याच्या शेडात चाळीस काय लांब नाही. मशीन चारशे अँपिअर वीस टक्क्यांनाच देत असेल, तर माझ्या कामाला तो आकडा नुसता शोभेचा.

मशीन फिरवून मागची बाजू बघितली. तिथे कंपनीचा रंगीत स्टिकर आणि सिरीयल नंबर, बस्स. कॅटलॉग मागितला तर "सोमवारी येतोय". सोमवारी गेलो तर "इंजिनियरला विचारून फोन करतो". फोन काही आला नाही. मीच लावला, तर उलट मलाच प्रश्न, "तुम्हाला नेमकं पाहिजे काय?" चालवून दाखवा म्हटलं तर पॅक पीस उघडता येत नाही. मध्येच एकदा डिस्काउंट वाढवला. मी आकडा मागतोय आणि हे भाव कमी करताहेत! उशीर झाला असता तरी चाललं असतं, पण मागणारा माणूसच खुळा आहे असा तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

शेवटी उद्यमबागेतल्या दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलो. त्याच्या मशीनला पाठीमागे धातूची पाटी होती. X च्या, म्हणजे ड्युटी सायकलच्या ओळीत ६० आणि १०० टक्के, त्याखाली I2 च्या, म्हणजे वेल्डिंग करंटच्या ओळीत ४०० आणि ३१० अँपिअर, त्याखाली U2 मध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या व्होल्टेजमध्ये ३६ आणि ३२.४ व्होल्ट. कांडीच्या वेल्डिंगला हा व्होल्टेज ठरलेल्या हिशोबाने येतो: अँपिअरला ०.०४ ने गुणायचं, त्यात २० मिळवायचे. पाटीवरचे आकडे या हिशोबात बसले नाहीत तर सरळ दुकानाबाहेर पडावं.

१२ एमएमचे तुकडे मी घरूनच नेले होते, दोन्ही कडांना तीस-तीस अंशांचा उतार घासून. खाली दोन-अडीच एमएमची फट ठेवली. पहिला थर दहा नंबरच्या बारीक कांडीने ११० अँपिअरवर, स्लॅग (वरची जळकी खपली) झाडून वर आठ नंबरने १७० वर थर. दिवा लागला नाही. मग तुकडा व्हाइसमध्ये धरून घणाने मोडला आणि मुळाशी न जुळल्याची काळी रेघ राहिली का बघितलं. नव्हती. तिथेच पैसे मोजले.

जाड प्लेटला चारशे लागतातच असंही नाही बरं का. कडांना उतार देऊन व्ही मारून थर चढवले तर दोनशेचं मशीनसुद्धा १६ एमएम जोडतं. आपण जादा पैसे देतो ते न थांबता काम व्हावं म्हणून. अधूनमधून एखादी हूक दुरुस्त करणाऱ्याने माझ्यामागे लागून मोठं मशीन घेऊ नये.

केबलचं सांगायचं राहिलं. मशीनबरोबर येते ती बघून घ्या. दोनशेच्या आसपास चालवायला ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची पाहिजे, लांब न्यायची असेल तर ५०. अर्थ क्लॅम्प गंजलेल्या पत्र्यावर लावून मशीनला शिव्या देणारे मी बघितलेत. आधी तिथे ग्राइंडर फिरवा. ग्राइंडरची धूळ मात्र मशीनच्या पंख्याकडे उडू देऊ नका. ७०१८ ची (कमी हायड्रोजनवाली) कांडी लावणार असाल तर ती कोरडी लागते, पावसाळ्यात उघडं पाकीट तसंच वापरू नका. आणि बिलावर सिरीयल नंबर दुकानातच लिहून घ्या, "नंतर टाकतो" म्हणाले तरी हलू नका.